शरूची वाटी

“आई, खिडकीचा गज सोडा.”

“धरलाय कुठं? नुसता हात टेकलाय.”

“हात टेकला तरी काटा कमी दाखवतो.”

“मग बरंच आहे की!” असं म्हणत सासूबाईंनी एकेक बोट सुटं करत गज सोडला. काट्यावर त्या क्षणभर डुगडुगल्या. मी दोन्ही हात पुढे करून उभी होते. आकडे फिरले, थांबले, लुकलुकले. वृषालीताई गुडघ्यावर बसून वाचत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हाच मला उत्तर कळलं.

“तेवढंच,” त्या म्हणाल्या. “उलट कणभर वरच आहे.”

“काट्यात काहीतरी बिघाड असेल,” आई म्हणाल्या.

“मागच्या वेळीही बिघाडच होता का?”

आईंनी हात पसरले आणि मी शरूला त्यांच्या कडेवर दिलं. शरू, माझी मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची होती आणि काट्यावर एकटी कधी उभी राहायची नाही. उभी राहिली तर एका पायावर, नाहीतर नाचत. म्हणून आमच्याकडे तिचं वजन करायची ही पद्धत पडली होती: आधी आजी एकटी, मग आजी नातीसकट, आणि दोन्हींतली वजाबाकी म्हणजे शरू.

त्या रविवारी वजाबाकीही मागच्या रविवारचीच आली.

एकीचं उतरत नव्हतं, दुसरीचं चढत नव्हतं. आमच्या घरात तेव्हा हे दोनच विषय होते.

ही कऱ्हाडची गोष्ट. शरू आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि होस्टेलवर राहते. आम्ही पेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती. माझा नवरा धनंजय साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. गळीत हंगाम सुरू झाला की त्याच्या पाळ्या सुरू व्हायच्या, आणि उन्हाळ्यापर्यंत तो घरात फक्त झोपलेला दिसायचा. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. सकाळी निघायचे, तीन-साडेतीनला परत. तेवढा वेळ शरू आजी-आजोबांकडे.

आईंचे दोन्ही गुडघे गेले होते. गणपतीत एकदा पाय घसरला आणि त्यानंतर त्या जिना उतरलेल्या नव्हत्या. भाजीसुद्धा गॅलरीतून दोरीला टोपली बांधून घ्यायच्या. खालून हौसाबाई ओरडायची, “काकू, वांगी कवळी हायत!” आणि वरून आई, “मागच्या वेळी पण तू हेच म्हणाली होतीस!” ज्या बाईनं अख्खं आयुष्य मंडईत एकेक भेंडी मोडून बघून घेतली, तिला आता टोपलीत येईल ते घ्यावं लागत होतं.

हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं तेव्हा खुर्चीत बसवून चार जणांनी त्यांना खाली उतरवलं. शेजारचे दोघं, धनंजय आणि वॉचमन. आई डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. खाली पोचल्यावर त्या म्हणाल्या, “चौघांनी उचलायचं ते एकदाच असतं. माझं दोनदा होणार असं दिसतंय.” वॉचमन हसला. आम्ही कुणी हसलो नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, बाई चालतील, जिना चढतील, सगळं करतील. पण आधी वजन उतरवा. एवढ्या भाराखाली नवा गुडघा बसवून उपयोग नाही, आणि भूल देतानाही धोका नको. ऐंशीच्या खाली आणा, मग तारीख देतो.

तिथून वाद सुरू झाला.

वृषालीताई म्हणजे माझी नणंद, धनंजयपेक्षा मोठ्या. पुण्याला औषधांच्या कंपनीत होत्या, रविवारी कऱ्हाडला यायच्या, आणि स्वतः बारा-पंधरा किलो उतरवून बसल्या होत्या. त्यांचा एकच हिशेब. “शरीराला कळत नाही तुम्ही काय खाल्लं. किती खाल्लं ते कळतं. खर्चापेक्षा जमा कमी ठेवायची, संपलं.” त्यांनी येताना वजनकाटा आणला, स्वयंपाकघरासाठी आणखी एक छोटा काटा आणला आणि आईंची भाकरी त्यावर ठेवली.

“पेशंट नाही, पार्सल झाल्यासारखं वाटतंय मला,” आई म्हणाल्या.

अप्पा, माझे सासरे, कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना भाकरी मोजलेली बघवेना. “कॅलरी म्हणजे काय गं, वृषे? जिन्नस जाळला तर किती आग निघते ते. तू आईला खायला घालतेस का चुलीला? शंभर कॅलरी बिस्किटाच्या आणि शंभर कॅलरी शाळूच्या भाकरीच्या, एकच?”

“वजनापुरत्या एकच.”

“मग माझी खात्यातली सगळी नोकरी फुकट गेली म्हणायची!”

“अप्पा, साजूक असलं तरी तूप तूपच.”

“तूप तूपच कसं? घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, घरचं लोणी, एवढं दे. पोटभर दे. चांगलं अन्न पोटात गेलं की माणूस आपोआप थांबतं. थांबत नाही ते तुमच्या मैद्यावर.”

आधी ताईंच्या पद्धतीनं झालं. मोजून एक भाकरी, वाटी आमटी, भाजी, ताक. आई तक्रार न करता जेवायच्या. नंतर अप्पांच्या पद्धतीनं झालं. साखर बंद, बेकरीचं बंद, घरात मैदा दिसेना. आई तसंही जेवल्या. दोन्हींत मिळून काटा हलला नाही. पुन्हा मोजून-मापून सुरू झालं, अप्पांच्या शाळूचीच भाकरी पण ताईंच्या काट्यावरची.

माझं मत मला कुणी विचारलं नाही, आणि माझं लक्षही त्या वादात अर्धंच असायचं. अर्धं शरूकडे.

शरू हडकुळी होती. आंघोळ घालताना तिच्या बरगड्या हाताला लागायच्या आणि दिवसभर त्या माझ्या बोटांत राहायच्या. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर पेठकर म्हणायचे, “अहो, पळते, बोलते, झोपते. तुम्ही तिचं वजन बघू नका, तिला बघा.” मी दोन्ही बघायचे. ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायचे. इतर आयांना त्यांच्या मुलांची मनगटं दाखवायला लावायचे, म्हणजे तशी लावायचे नाही, पण बघायचे.

तिच्या उष्टावणाला माझ्या भावानं चांदीची वाटी दिली होती. त्या वाटीत तिचं दुपारचं खाणं मी सकाळी करून ठेवायचे. नाचणीसत्त्व, त्यात बदाम-खारकेची पूड, कुस्करलेलं केळं, वर दोन चमचे साजूक तूप. अप्पांना मान्य असा एकूण एक जिन्नस आणि ताईंच्या हिशेबानं जेवढ्या जास्त बसवता येतील तेवढ्या कॅलरी. वजन वाढवायचं तर दोन्ही मतं एकाच वाटीत सुखानं बसत होती.

सुरुवातीला ती वाटी तशीच परत मिळायची. पावसाळ्यातल्या एका दुपारी मी कॉलेजातून आले तर ओट्यावर भरलेली वाटी, वर तुपाचा थर थिजलेला. काही विशेष नव्हतं. पण मी पर्स न काढता ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मला रडू आलं. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. मागे वळले तर दारात आई होत्या. भिंतीला धरत धरत आल्या, नळ बंद केला आणि म्हणाल्या, “पाणी जातंय.”

त्यानंतर काही दिवसांतच शरू नीट जेवायला लागली. मी आले की आधी ओट्यापाशी जायचे. वाटी चाटून पुसून लख्ख.

“संपवलं?”

“संपवलं की,” आई म्हणायच्या. शरू दोन्ही हात उलटे करून दाखवायची, “सग्गळं संपलं!”

मग मला भूक लागायची. तोवर लागत नसे.

तर त्या रविवारी, काट्यावरून उतरून आई पलंगावर बसल्या आणि वृषालीताई त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

“आई, खरं सांग. चोरून खातेस?”

“काय?”

“मी काय वाईट म्हणत नाही. माणसाला इच्छा होते. पण मग मला सांग. मी तिकडे डॉक्टरांच्या हातापाया पडतेय, तारीख द्या म्हणून. उन्हाळ्यात ते परदेशी चाललेत सहा महिने, माहितेय ना? त्याच्या आत झालं नाही तर पुढची दिवाळी उजाडेल.”

“डब्याला हात लावत नाही मी.”

“मग हे येतं कुठून? हवेतून?”

“वृषे,” अप्पा म्हणाले, “आईशी बोलतेयस.”

“आईशीच बोलतेय, अप्पा. तिला ह्या घरातून खाली उतरायचंय का नाही? घे शपथ. शरूच्या डोक्यावर हात ठेवून सांग, मोजून दिलेल्याशिवाय काही खात नाही.”

शरू तिथंच पलंगाखाली गेलेला चेंडू काढत होती. आईंनी तिच्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला, पदराखाली.

“लेकराची शपथ घ्यायची नसते,” त्या म्हणाल्या.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ होता, घरात तू असतेस, लक्ष ठेव.

मी ठेवलं. मला ते चांगलं जमतं. चिवड्याचा डबा किती भरलाय ते मी बघून ठेवलं, गुळाच्या ढेपेची कड बघून ठेवली, शेंगदाण्याच्या बरणीवरची धूळ पुसायचं थांबवलं. चार दिवस काही हललं नाही. डबे जिथल्या तिथं, धूळ जिथल्या तिथं. आई मोजलेली भाकरी खात होत्या आणि गॅलरीतून टोपली सोडत होत्या. संध्याकाळी संगमावर जाणारी माणसं वरून बघत बसायच्या. “आज गर्दी आहे घाटावर,” म्हणायच्या. आमच्या गॅलरीतून घाट दिसत नाही. माणसांच्या चालण्यावरून त्या ओळखायच्या.

त्याच आठवड्यात मी अकरावीला द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकवत होते. वस्तू नाहीशी होत नाही, नव्यानं तयार होत नाही, इकडची तिकडे जाते. फळ्यावर समीकरण लिहिताना माझ्या मनात मात्र आमच्या घरची दोन गणितं. शरू वाटीभर खाते, ते जातं कुठं? आई एवढंसं खातात, ते येतं कुठून? पोटात जंत असतील का? आईंना थायरॉईड? दोघींच्याही तपासण्या झाल्या होत्या. मी समीकरण तोलून पूर्ण केलं आणि हात झटकले.

तिसऱ्या तासाला निरोप आला. संस्थेचे एक जुने विश्वस्त वारले होते. शोकसभा झाली आणि कॉलेज सुटलं. एक वाजायच्या आत मी घरी होते.

अप्पा दुपारी वाचनालयात जायचे आणि जाताना दार नुसतं ओढून घ्यायचे, आईंना उठावं लागू नये म्हणून. मी चपला बाहेर काढल्या. शरू झोपली असेल तर जागी होऊ नये म्हणून दार हळूच ढकललं. स्वयंपाकघरातून आईंचा आवाज येत होता.

“हा चिऊचा. हा काऊचा. हा हौसाबाईचा.”

“हौशाबाई कवळी वांगी!” शरू म्हणाली.

“हो, कवळी वांगी. आता हा आईचा.”

“नको.”

“एवढा एकच. बघ, आई आगगाडीत बसून आली, उघड फाटक.”

“फाटक बंद!” धावणारी पावलं, आणि मोठं हसू.

मी पॅसेजमध्ये भिंतीशी उभी होते. तिथून ओटा दिसतो, ओट्यापुढची बाई पाठमोरी दिसते. आईंच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातानं त्यांनी ओट्याची कड धरली होती. वाटी जवळजवळ भरलेलीच.

“ये गं, माझी बाई. नको? खरंच नको? बरं.” त्या वाटीत बघत म्हणाल्या, “आता तुझी आई येईल. आल्याबरोबर वाटी बघेल. भरलेली दिसली ना की तिचं तोंड एवढंसं होतं. मग ती इथं उभी राहते आणि नळ सोडते. तुला आवडते का आई रडलेली?”

“नाय.”

“मलाही नाही.”

त्यांनी चमचा बाजूला ठेवला. बोटांनी घास घेतला आणि तोंडात घातला. मग दुसरा. मी कुणाला असं खाताना बघितलं नव्हतं. चव घेत नव्हत्या, घाई करत नव्हत्या. कडू काढा घ्यावा तशा गिळत होत्या. मध्येच डाव्या गुडघ्यावरचा भार उजव्यावर घेतला, उजव्यावरचा डाव्यावर. मोरीत ओतून देणं त्यांच्या हातून झालं नसतं. त्यांच्या ताटात मी कधी शीत उरलेलं बघितलं नाही. पूर्वी उरलंसुरलं त्या खाली गाईला नेऊन घालायच्या. आता खाली कोण जाणार?

शेवटी त्यांनी वाटीच्या कडेनं बोट फिरवलं, आत बघितलं आणि ती ओट्यावर ठेवली, मी आल्यावर आधी जिथं बघते तिथं.

“आईनं विचारलं तर काय सांगायचं?”

“सग्गळं संपलं!”

“शहाणी माझी.”

मी मागे सरकले. दार जसं होतं तसं ओढून घेतलं, चपला हातात घेतल्या आणि जिन्यानं खाली आले. पहिल्या मजल्याच्या वळणावर बसले. तिथं कुणीतरी तुळशीचं रोप ठेवलं होतं, त्याची माती सुकली होती, एवढं आठवतं. किती वेळ बसले ते नाही आठवत. खालून हौसाबाईची आरोळी आली आणि वर गॅलरीचं दार वाजलं. टोपली माझ्या समोरून, जिन्याच्या खिडकीबाहेरून, दोरीवर हेलकावे खात खाली गेली. थोड्या वेळानं मेथीची जुडी घेऊन वर गेली.

मग मी चपला घातल्या, पायऱ्यांवर वाजवत वर गेले आणि बेल दाबली.

“आज लवकर गं?” आई म्हणाल्या.

“शोकसभा होती.”

मी ओट्यापाशी गेले. वाटी लख्ख होती. आई दारात उभ्या होत्या आणि वाट बघत होत्या. शरूनं तर हात आधीच उलटे करून ठेवले होते. मी वाटी उचलली, धुतली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

“विचारलं नाहीस आज?” आई म्हणाल्या.

“काय?”

“काही नाही.”

संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी मेथी निवडायला बसले. निम्मी जुडी झाली तरी शब्द जुळेनात. शेवटी जुळले तसे बोलले.

“आई, उद्यापासून शरूला वेगळं काही करत नाही.”

त्यांचा हात थांबला. “म्हणजे?”

“तुम्ही जेवायला बसाल ना, तेव्हा तिलाही घ्या बरोबर. तुमच्याच ताटात.”

“माझ्या ताटात? ते तर वृषालीनं मोजून दिलेलं. भाकरी आणि आमटी. तुझी बदाम-खारीक?”

“राहू दे.”

“आणि नाही जेवली तर?”

मेथीचं एक देठ माझ्या बोटांत होतं. त्याचे मी किती तुकडे केले होते ते खाली बघितल्यावर दिसलं.

“तर नाही जेवली,” मी म्हटलं.

आईंनी माझ्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. मग जुडीतली पिवळी पानं बाजूला करत म्हणाल्या, “ही हौशी फसवते गं. वरवर हिरवं, आत बघ.”

पुढचे दिवस मला सोपे गेले असं मी म्हणणार नाही. वर्गात शिकवताना घड्याळाकडे डोळे जायचे. आता बसल्या असतील. आता तिनं तोंड फिरवलं असेल. घरी आले की पाय आपोआप ओट्याकडे वळायचे आणि ओटा रिकामा असायचा. विचारायला तोंड उघडायचे आणि पाणी प्यायचे.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांचं जेवण लांबून बघितलं. आई खुर्चीवर, पुढ्यात टेबलावर ताट. शरू शेजारच्या स्टुलावर गुडघे टेकून. तिला कुणी भरवत नव्हतं. आई भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवायच्या आणि तोंडाकडे न्यायच्या, की मध्येच एक छोटा हात यायचा.

“अगं, तो माझा!”

“माझा!”

“माझी भाकरी मोजलेली आहे, भवाने. आत्याला सांगेन.”

शरू तुकडा तोंडात कोंबून, हनुवटीवर आमटी ओघळत, विजयानं हसायची. आई पुढचा तुकडा मोडायच्या. चिऊ नाही, काऊ नाही, आगगाडी नाही. निम्मी भाकरी तिकडे गेली. ताटात शीत उरलं नाही.

वृषालीताईंना हे कळलं तेव्हा त्या वैतागल्या. “तिच्या ताटातलं ही पोरगी खाते, मग माझा हिशेब राहिला कुठं? आणि शरूला नुसती आमटी-भाकरी? पूर्वा, तू तर बदामाशिवाय बोलत नव्हतीस!”

“खातेय ती,” मी म्हटलं.

“किती?”

“माहीत नाही.”

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

काटा एकदम हलला नाही. आधी आईंचा थोडा उतरला. मग आणखी थोडा. त्या गज धरायच्या विसरायला लागल्या. एका रविवारी त्या शरूला घेऊन काट्यावर चढल्या, मी वजाबाकी केली आणि पुन्हा केली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. मग उठून अप्पांना सांगितलं, शरू वाढलीय.

“बघ!” अप्पा म्हणाले. “शाळू! मी काय म्हणत होतो? बिस्किटं बंद झाली, शाळू पोटात गेला. एकीचं उतरलं, एकीचं चढलं. अन्न चांगलं असलं की ज्याला जे पाहिजे ते तेच करतं.”

“शाळू पहिल्यापासून होता, अप्पा,” ताई म्हणाल्या. “आईचं उतरलं कारण निम्मं ताट शरू खाते. निम्म्या कॅलरी! मी काय म्हणत होते?”

“मग शरू कशी वाढली? ताटात बदाम होते का?”

“तिची जमा वाढली!”

“कशानं वाढली? शाळूनं!”

दोघंही जिंकले होते आणि दोघंही एकमेकांवर ओरडत होते. आई काट्यावरून उतरून पलंगावर बसल्या, शरूच्या फ्रॉकची मागची नाडी बांधायला लागल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी वर बघितलं नाही. नाडीची गाठ मात्र दोनदा सोडून पुन्हा बांधली.

डॉक्टरांनी तारीख दिली. उन्हाळा लागायच्या जरा आधीची.

दवाखान्यात जायच्या दिवशी पुन्हा तीच खुर्ची, तेच चार जण. आई या वेळी डोळे उघडे ठेवून उतरल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर म्हणाल्या, “थांबा. ही तुळस कुणाची? पाणी घाला की हिला.” खाली हौसाबाई टोपली डोक्यावर घेऊन थांबली होती. तिनं आईंना इतक्या महिन्यांत समोरासमोर बघितलं नव्हतं. “काकू, हाटलासा की ओ, बारीक झालासा!” ती म्हणाली. आईंनी आधी तिच्या टोपलीतलं एक वांगं उचलून देठाशी दाबून बघितलं, मगच गाडीत बसल्या.

खोली मिळाली. धनंजय आणि ताई कागदपत्रांसाठी खाली गेले. शरूला अप्पांपाशी घरी ठेवलं होतं, आणि निघाल्यापासून तिनं काय खाल्लं असेल हे मी विचारलं नव्हतं. निदान मोठ्यानं नव्हतं विचारलं. नर्स आली, आईंना काट्यावर उभं केलं. तो काटा खोलीच्या मधोमध होता, धरायला काही नव्हतं. आईंनी दोन्ही हात सैल सोडले. नर्सनं आकडा लिहून घेतला आणि ती गेली.

मी त्यांना पलंगावर बसवलं, उशी सारखी केली. त्यांनी पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“पूर्वा.”

“काय, आई?”

“एक सांगू? रागावणार नाहीस?”

“सांगा ना.”

“नाचणीत वेलदोडा घालत जा गं कधी केलीस तर,” त्या म्हणाल्या. “आणि तूप कमी कर. फार तुपकट लागायची.”

मी उशी सोडली नाही. ती सारखी झाली होती तरी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले. मग खोलीतल्या बेसिनकडे वळले.

“नळ सोडू नकोस,” मागून आई म्हणाल्या. “इकडे ये. बस इथं.”